कोळशाच्या शहरातल्या तीन पोरांनी केलेला ‘प्लेजर टू किल’ आजही मेटलवाल्यांच्या टी-शर्टवर का दिसतो?

एखाद्या मेटल कॉन्सर्टचे फोटो स्क्रोल करताना तुम्हाला हा टी-शर्ट नक्की दिसला असेल. काळं कापड, वर टोकदार अक्षरांत ‘क्रिएटर’ हे नाव आणि खाली शिंगवाला राक्षस, त्याच्या आजूबाजूला सांगाडे. चित्र बघून हॉरर सिनेमाचं पोस्टर वाटावं असं. त्याच्याखाली अल्बमचं नाव असतं, ‘प्लेजर टू किल’. म्हणजे ठार मारण्यातला आनंद.

आता हे नाव वाचून घरातल्या कुणीही विचारणारच, की बाबा रे, तू नक्की काय ऐकतोयस?

प्रश्न रास्त आहे. पण ज्या पोरांनी हा अल्बम केला ती तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची होती. गाणारा आणि गिटार वाजवणारा मिले पेट्रोझा १८ वर्षांचा होता. ड्रम्सवर युर्गेन राइल होता, ज्याला सगळे ‘व्हेंटॉर’ म्हणतात, आणि बेसवर रॉब फिओरेटी. तिघंही तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या एसेन या शहराचे. १९८६ मध्ये हा अल्बम आला. एकूण नऊ ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खल्लास. आज जगभरात थ्रॅश मेटलच्या सगळ्यात महत्त्वाच्या अल्बमची यादी निघाली, की त्यात हे नाव असतंच. थ्रॅशच काय, त्याच्यानंतर आलेल्या डेथ मेटलचा इतिहास सांगतानाही या अल्बमपाशी थांबावं लागतं.

गंमत म्हणजे काटेकोर कानानं ऐकलं तर यात चुका सापडतात. वाद्यं काही ठिकाणी एकमेकांच्या पुढंमागं होतात, ड्रम्स धावत सुटतात, गाणारा श्वास सांभाळायच्या आत पुढची ओळ येते. तरीही हा अल्बम क्लासिक का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आधी थ्रॅश म्हणजे काय ते बघू

पहिली गोष्ट, हे ‘ट्रॅश’ नाही, ‘थ्रॅश’ आहे. ट्रॅश म्हणजे कचरा, थ्रॅश म्हणजे झोडपणं. जर्मन भाषेत ‘थ’चा उच्चारच नाही, त्यामुळं खुद्द जर्मन लोक बऱ्याचदा ‘ट्रॅश मेटल’च म्हणतात. आपल्याकडं ‘थ’ आहे, आपण नीट म्हणू.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये आयर्न मेडनसारख्या बँडमुळं हेवी मेटलची नवी लाट आली. त्याच सुमाराला पंक रॉक होतं. पंकवाल्यांना वाद्यावरची हुकूमत वगैरे फारशी महत्त्वाची वाटत नव्हती, वेग आणि राग महत्त्वाचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काही पोरांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. मेटलची गिटार आणि पंकचा वेग. अमेरिकेत १९८३ मध्ये मेटालिकाचा ‘किल एम ऑल’ आणि स्लेयरचा ‘शो नो मर्सी’ आला, आणि थ्रॅशची गाडी रुळावर आली.

कानाला ओळखायची खूण सांगतो. गिटार वाजवणारा उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून ठेवतो, त्यामुळं तारेचा आवाज लांबत नाही, ‘झुग्-झुग्-झुग्’ असा तुटक, दाबलेला येतो. तेच खूप वेगानं वाजवलं, की थ्रॅशचा रिफ तयार. रिफ म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, गाण्याचा कणाच म्हणा. ड्रम्सवर पायाचा ठोका आणि हातातल्या स्नेअरचा ठोका एकाआड एक इतक्या घाईनं पडतात, की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागते. मिरवणुकीत ताशेवाल्यानं लय चढवत नेली की अंगात जे होतं ना, साधारण तसंच.

अमेरिकेतल्या या बँडच्या कॅसेट हातोहात कॉपी होत युरोपात पोचत होत्या. स्ट्रीमिंग सोडा, साधं इंटरनेटही नव्हतं. पोरं एकमेकांना पोस्टानं टेप पाठवायची. सोबत इंग्लंडचा व्हेनम आणि स्वीडनचा बाथोरी होता. हे दोन बँड वाजवायचे ओबडधोबड, पण अंधार, सैतान आणि गोंगाट यांचा त्यांचा डोस फार मोठा होता. जर्मन पोरांनी दोन्हीकडचं घेतलं. म्हणूनच जर्मन थ्रॅश अमेरिकेतल्यापेक्षा जास्त कर्कश, जास्त घाणेरडं आणि जास्त उतावीळ वाटतं. इथं घाणेरडं हा शब्द कौतुकानं वापरलाय, हे मेटलवाल्यांना सांगायला नको.

जर्मनीत चार नावं मोठी झाली. एसेनचा क्रिएटर, शेजारच्या गेल्झेनकिर्शेनचा सोडोम, दक्षिणेकडच्या वाइल आम ऱ्हाइनचा डिस्ट्रक्शन आणि फ्रँकफर्टचा टँकर्ड. टँकर्डवाले मुख्यतः बिअरवर गाणी करायचे, त्यामुळं त्यांचं प्रकरण वेगळं.

एसेन, कोळसा आणि दोन इटालियन आडनावं

एसेन हे रूर खोऱ्यातलं शहर. रूर म्हणजे जर्मनीचं कोळसा आणि पोलादाचं कोठार. क्रुप ही प्रसिद्ध पोलाद कंपनी इथलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी उभी राहिली त्यात या पट्ट्याचा वाटा प्रचंड होता. माणसं कमी पडायला लागली तेव्हा पश्चिम जर्मनीनं १९५५ मध्ये इटलीशी करार करून तिथून कामगार आणायला सुरुवात केली. बँडमधली दोन आडनावं पुन्हा वाचा. पेट्रोझा आणि फिओरेटी, दोन्ही इटालियन. मिलेचे वडील इटलीचे. जर्मन थ्रॅशचा सगळ्यात प्रसिद्ध आवाज हा असा अर्धा इटालियन आहे.

पण ही पोरं मोठी होईपर्यंत कोळशाचे दिवस फिरले होते. १९५८ पासूनच स्वस्त तेल आणि बाहेरून येणारा कोळसा यांनी रूरच्या खाणींना घेरलं होतं. एकेक खाण बंद पडत गेली. एसेनमधल्याच त्सोलफेराइन या प्रचंड खाणीत २३ डिसेंबर १९८६ रोजी काम थांबलं. ‘प्लेजर टू किल’चंच वर्ष. पुढं २००१ मध्ये युनेस्कोनं ती खाण जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आता पर्यटक तिथं फोटो काढायला जातात.

क्रिएटरची पोरं एसेनच्या उत्तरेकडच्या आल्टेनएसेन भागातली. हा कामगारांचा भाग. तिथंही कार्ल नावाची एक जुनी, बंद पडलेली खाण होती. स्थानिक लोकांनी ती पाडू न देता तिचं सांस्कृतिक केंद्र केलं. रूरमधल्या मेटलच्या इतिहासात या जागेचं नाव हमखास येतं. शेजारच्या डॉर्टमुंडमधून १९८३ पासून ‘रॉक हार्ड’ हे मासिक निघायला लागलं होतं, तेही मेटललाच वाहिलेलं. म्हणजे बँड, वाजवायला जागा आणि त्यांच्यावर लिहिणारं मासिक, सगळं लोकल ट्रेनच्या अंतरावर.

या पोरांनी शाळकरी वयातच बँड सुरू केला. सुरुवातीची नावं मेटल मिलिशिया आणि टायरंट, मग टॉर्मेंटर. टॉर्मेंटर नावानं त्यांनी ‘ब्लिट्झक्रीग’ (१९८३) आणि ‘एंड ऑफ द वर्ल्ड’ (१९८४) या दोन डेमो टेप काढल्या. त्या बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सपर्यंत पोचल्या. नॉइज चालवणारा कार्ल-उलरिश वाल्टरबाख हा मूळचा पंकवाला. त्याला सफाईदार वाजवणाऱ्यांपेक्षा अशी पेटलेली पोरं जास्त भावत असावीत. टॉर्मेंटर नावाचे इतरही बँड होते, म्हणून नाव बदललं. क्रिएटर, ‘सी’ऐवजी ‘के’ लावून.

१९८५ मध्ये पहिला अल्बम ‘एंडलेस पेन’ आला. तो जेमतेम दहा दिवसांत रेकॉर्ड झाला होता आणि ऐकताना ते कळतं. उत्साह पोतंभर, बाकी सगळं चिमूटभर.

बर्लिनचा स्टुडिओ

दुसऱ्या अल्बमसाठी नॉइजनं त्यांना हॅरिस जॉन्सकडं पाठवलं. पश्चिम बर्लिनमधल्या त्याच्या म्युझिकलॅब स्टुडिओत. हॅरिस जॉन्स हे नाव लक्षात ठेवा. त्या काळातले निम्मे जर्मन मेटल अल्बम या माणसाच्या हाताखालून गेलेत असं वाटतं. हेलोवीनचा ‘वॉल्स ऑफ जेरिको’ त्याचा, सोडोमचा ‘एजंट ऑरेंज’ त्याचा, टँकर्डचे सुरुवातीचे अल्बमही त्याचेच.

तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती. पश्चिम बर्लिन म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या मधोमध असलेलं बेट. एसेनहून तिथं जमिनीवरून जायचं, तर पूर्व जर्मनीच्या हद्दीतून, ठरवून दिलेल्या रस्त्यानं किंवा रेल्वेनं आणि त्यांच्या चौक्या पार करूनच जावं लागे.

हॅरिस जॉन्सनं केलेलं महत्त्वाचं काम म्हणजे त्यानं पोरांना आवरलं नाही. गिटारचा आवाज जाड केला, ड्रम्स पुढं आणले, पहिल्या अल्बममधला टिनपाट आवाज काढून टाकला. पण वेग कमी करा, नीट मोजून वाजवा, असा मास्तरपणा केलेला दिसत नाही. निदान अल्बम ऐकून तरी तसं वाटत नाही. दुसरा एखादा निर्माता असता तर त्यानं प्रत्येक घसरलेला ठोका पुन्हा वाजवून घेतला असता, आणि मग कदाचित आज आपण या अल्बमबद्दल बोलत नसतो.

जाता जाता एक ट्रिव्हिया. अल्बमच्या श्रेयनामावलीत मायकेल वुल्फ या दुसऱ्या गिटारिस्टचं नाव आहे. तो सोडोममधून आलेला, क्रिएटरमध्ये अगदी थोडा काळ होता. अल्बमवर त्यानं एक सूरही वाजवलेला नाही. गिटार सगळी मिलेची. पुढं योर्ग ‘ट्रिट्झे’ ट्रझेबियाटोव्स्की हा गिटारिस्ट आला आणि तीन जणांचा बँड चौघांचा झाला.

मुखपृष्ठावरचं राक्षसाचं चित्र फिल लॉव्हियर या चित्रकाराचं. तो राक्षस पुढं क्रिएटरची ओळखच बनला, आयर्न मेडनच्या एडीसारखी.

आता गाण्यांवर येऊ

अल्बम सुरू होतो तो शांतपणे. ‘क्वायर ऑफ द डॅम्ड’ ही शब्द नसलेली, संथ, थोडी उदास सुरावट आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर ठीक आहे की. हेडफोनचा आवाज जरा वाढवावासा वाटतो.

वाढवू नका. कारण लगेच ‘रिपिंग कॉर्प्स’ सुरू होतं आणि कानफटात बसते. गाणं जणू सुरू होत नाहीच, आधीपासून चालू असलेल्या भांडणात आपण दार उघडून शिरल्यासारखं वाटतं. इथं गिटारचं वाजवणं लक्ष देऊन ऐका. मघाशी सांगितलेलं तळहात टेकवून तुटक वाजवणं आहेच, पण अनेक जागी मिले हात मोकळा सोडून तारेवर वर-खाली, वर-खाली इतक्या झपाट्यानं पिक फिरवतो की सुटे ठोके ऐकू येत नाहीत, एक सलग घोंघावणारा आवाज येतो. मधमाश्यांचं पोळं हलल्यासारखा. पुढं डेथ मेटल आणि नॉर्वेचं ब्लॅक मेटल ज्या वाजवण्यावर उभं राहिलं, तेच हे वाजवणं. १९८६ मध्ये ते इतक्या सातत्यानं करणारे बँड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

मग मिलेचा आवाज. त्याला गाणं म्हणायचं की किंचाळणं, यावर वाद घालता येईल. मेटालिकाचा हेटफिल्ड गुरकावायचा, स्लेयरचा अराया ओरडायचा, पण दोघांचे शब्द कळायचे. मिलेचा आवाज घशाच्या वरच्या टोकातून येतो, चिरका, ओरबाडल्यासारखा. त्यात इंग्रजी ही त्याची घरातली भाषा नाही. शब्दांवरचे आघात जर्मन वळणाचे पडतात, एखादा शब्द ओळीत मावत नाही तेव्हा तो कोंबून बसवलेला असतो. नियमानं बघितलं तर ही उणीव. ऐकायला मात्र असं वाटतं की या माणसाला काहीतरी सांगायचंय आणि वेळ संपत चाललाय.

‘प्लेजर टू किल’ हे शीर्षकगीत म्हणजे या सगळ्याचा अर्क. त्यातला मुख्य रिफ मला तरी अजून ऐकल्यावर दोन मिनिटं दुसरं काही सुचू देत नाही. क्रिएटरच्या कॉन्सर्टमध्ये आजही हे गाणं वाजतं, बरेचदा शेवटाला. तोवर प्रेक्षकांत उरलीसुरली ताकद असेल ती इथं संपते.

इतका वेग सलग सोसत नाही, हे पोरांनाही कळत असावं. म्हणून बरोबर मध्यावर ‘रायट ऑफ व्हायलन्स’ येतं. ते व्हेंटॉरनं गायलंय. आवाज मिलेपेक्षा जाड आणि चाल संथ, डुलणारी. कुणाला या अल्बमची ओळख करून द्यायची असेल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन. रिफ नीट कानात बसतो, ठोके मोजता येतात आणि मान कधी हलायला लागली ते कळत नाही. याच गाण्यावरून लक्षात येतं की या पोरांना नुसता गोंधळ घालायचा नव्हता, गाणं बांधायचंही होतं.

‘द पेस्टिलन्स’ साधारण सात मिनिटांचं आहे, अल्बममधलं सगळ्यात लांब. साथीच्या रोगावर. त्यात तुकड्यावर तुकडा रचत जाण्याची हौस दिसते. पुढच्या अल्बममध्ये क्रिएटर जास्त गुंतागुंतीचं वाजवायला लागले त्याची ही पहिली चाहूल. ‘कॅरियन’ आणि ‘कमांड ऑफ द ब्लेड’ ठीक आहेत, खरं सांगायचं तर शीर्षकगीतानंतर ती थोडी एकसारखी वाटतात. शेवटी ‘अंडर द गिलोटिन’, ज्याचं नाव प्रेक्षकांनी एका सुरात ओरडण्यासाठीच बनलंय.

पण हिंसा, त्याचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. गाण्यांचे विषय आहेत खून, मृतदेह, कुजणं, तलवार, गिलोटिन. १८ वर्षांच्या पोराला मारण्यातल्या आनंदाबद्दल काय माहीत असणार? काहीच नाही, हेच उत्तर आहे. हे सगळं हॉरर सिनेमा आणि व्हेनम, स्लेयरसारख्या बँडकडून उचललेलं होतं. आधीच्या बँडनं जे लिहिलं त्यापेक्षा एक पायरी पुढं जायचं, ही त्या वेळच्या मेटलमधली स्पर्धाच होती. वेग त्यांच्यापेक्षा जास्त, शब्द त्यांच्यापेक्षा भयानक.

म्हणून या गाण्यांत खोल अर्थ शोधत बसण्यात काही हशील नाही. ती शब्दांसाठी ऐकायची गाणी नाहीतच. उलट, ही पोरं या विषयांतून किती लवकर बाहेर पडली ते बघण्यासारखं आहे. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, ‘टेरिबल सर्टन्टी’ अल्बमवर ‘टॉक्सिक ट्रेस’ हे प्रदूषणावरचं गाणं आलं. १९९० च्या ‘कोमा ऑफ सोल्स’वर ‘पीपल ऑफ द लाय’ आहे, ते थेट निओ-नाझींच्या विरोधात. मार्च १९९० मध्ये, भिंत पडल्यानंतर चारच महिन्यांनी, क्रिएटरनं पूर्व बर्लिनमध्ये कॉन्सर्ट केली. ज्या पोरांच्या देशातून जावं लागत होतं, त्या देशातली पोरं आता समोर उभी होती.

सगळा दोष कोळशाला देता येतो का?

क्रिएटरबद्दल लिहिताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. खाणी बंद पडत होत्या, बेकारी होती, धूर होता, म्हणून या पोरांचं संगीत असं रागीट झालं. ऐकायला हे फार छान वाटतं. मीही या लेखात खाणीचं वर्ष आणि अल्बमचं वर्ष एकच असल्याचं मोठ्या चवीनं सांगितलंच आहे.

पण दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे या अल्बममध्ये कोळसा, खाण, कामगार, बेकारी यावर एकही गाणं नाही. आणि दुसरी म्हणजे डिस्ट्रक्शन. त्यांचं वाइल आम ऱ्हाइन हे गाव पार दक्षिणेला, स्वित्झर्लंडच्या सीमेवर, द्राक्षाच्या मळ्यांच्या भागात. तिथं कोळशाच्या खाणी नाहीत. तरीही १९८५ चा त्यांचा ‘इन्फर्नल ओव्हरकिल’ ऐका, तोही तितकाच विखारी आहे. म्हणजे हा आवाज काढायला कोळसाच लागतो असं काही नाही.

मला वाटतं, रूरनं या पोरांना राग दिला असेल-नसेल, पण दुसरं काहीतरी नक्की दिलं. सोबत. एकमेकांना चिकटून वसलेली शहरं, दाट वस्ती, कामाच्या घरातली बरीच पोरं, बंद खाणीत वाजवायला जागा, शेजारच्या गावात दुसरा बँड. सोडोमचा टॉम एंजलरिपर तर स्वतः खाणीत कामाला होता. शिफ्ट करायचा आणि बँड चालवायचा. अशा ठिकाणी गिटार घेऊन धिंगाणा घालणारा पोरगा एकटा पडत नाही. त्याच्यापेक्षा जोरात वाजवणारा कुणीतरी पुढच्या स्टेशनवर राहतो, आणि मग आपल्यालाही त्याच्यापेक्षा जोरात वाजवावं लागतं.

त्याच वर्षी बाकी काय चाललं होतं?

१९८६ हे थ्रॅशचं सोन्याचं वर्ष. मार्चमध्ये मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’. शिवाय मेगाडेथचा ‘पीस सेल्स’ आणि डार्क एंजलचा ‘डार्कनेस डिसेंड्स’. यातला ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आखीवरेखीव आहे, प्रत्येक वीट जागच्या जागी. ‘रेन इन ब्लड’ जेमतेम अर्ध्या तासाचा आणि सुरीसारखा स्वच्छ. ‘प्लेजर टू किल’ या दोघांच्या शेजारी ठेवला तर तो विस्कटलेला दिसतो. पण तुम्ही सोळा वर्षांचे असाल, हातात स्वस्तातली गिटार असेल, तर मेटालिका ऐकून वाटतं की हे आपल्याला कधी जमणार नाही. क्रिएटर ऐकून वाटतं की चला, आजच सुरू करू.

आणि खरंच तसं झालं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या पोरांनी ‘रिपिंग कॉर्प्स’ हे गाण्याचं नावच बँडला दिलं. त्या बँडमधला एरिक रूटन पुढं मॉर्बिड एंजलमध्ये गेला आणि आता कॅनिबल कॉर्प्समध्ये आहे, म्हणजे डेथ मेटलच्या दोन सगळ्यात मोठ्या नावांमध्ये. नॉर्वेच्या पहिल्या ब्लॅक मेटलवाल्यांच्या शेल्फवरही क्रिएटर, सोडोम आणि डिस्ट्रक्शन होतेच. घाईत, वेळ आणि तयारी कमी असताना जे हातून निसटलं होतं, ते पुढच्या पोरांनी मुद्दाम, ठरवून, वर्षानुवर्षं रियाज करून वाजवलं.

क्रिएटर स्वतः मात्र तिथं थांबले नाहीत. १९८९ चा ‘एक्स्ट्रीम अॅग्रेशन’ जास्त सफाईदार आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी बरेच प्रयोग केले, काही फसले. फिओरेटी १९९२ मध्ये बाहेर पडला. व्हेंटॉरही मधे गेला आणि १९९६ मध्ये परत आला. २०१७ मध्ये त्यांचा ‘गॉड्स ऑफ व्हायलन्स’ जर्मनीच्या अल्बम चार्टवर पहिल्या नंबरवर गेला. आल्टेनएसेनमधल्या त्या शाळकरी पोरांना १९८४ मध्ये कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

भारतातही ते येऊन गेलेत. २०१२ मध्ये बेंगळुरू ओपन एअर या मेटल फेस्टिव्हलमध्ये मुख्य बँड क्रिएटर होता.

अल्बम ऐकायचा असेल तर स्ट्रीमिंगवर सहज मिळतो. २०१७ मध्ये त्याची नव्यानं मास्टर केलेली आवृत्ती निघाली, तीत वाद्यं जास्त स्पष्ट ऐकू येतात. जुन्या सीडींच्या काही आवृत्त्यांमध्ये शेवटी ‘फ्लॅग ऑफ हेट’ या १९८६ च्याच ईपीची गाणी जोडलेली आहेत, ती मूळ अल्बममधली नाहीत, गोंधळू नका. पहिल्यांदा ऐकणार असाल तर आधी ‘रायट ऑफ व्हायलन्स’, मग ‘प्लेजर टू किल’, आणि ते झेपलं तरच पहिल्या ट्रॅकपासून सलग. हेडफोन लावूनच. घरच्यांनी विचारलं तर हा लेख फॉरवर्ड करा, अल्बमचं नाव मात्र शेवटी सांगा.